तुरीच्या ओळीतलं चंदन, गोदेच्या मुखाशी येणारं कासव

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडवरून वाहत जाणारी गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे काकीनाड्याजवळच्या होप बेटावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. पण मराठवाड्यात हल्ली काही शेतकरी चंदन लावू लागले आहेत. या दोघांची तुलना करावी असं वाटण्याचं कारण एकच: आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत दोघांपुढे सारखाच शेरा आहे, ‘असुरक्षित’.

वर्गीकरणात मात्र गाठ कुठेच पडत नाही. चंदन ही सपुष्प वनस्पती, कूळ सँटॅलेसी. सँटॅलम अल्बम हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिलं. कासव सरीसृप, कूळ केलोनिडी, शास्त्रीय नाव लेपिडोकेलिस ऑलिव्हेशिया. दोघांचा सामाईक पूर्वज शोधायचा तर शंभर कोटी वर्षांहून मागे, एकपेशीय जीवांपर्यंत जावं लागेल. लाल यादीला कुळाशी देणंघेणं नसतं. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यांतल्या मोठ्या काळात संख्या तीसेक टक्क्यांनी घटली, तरी हा शेरा बसू शकतो.

चंदनाची जगण्याची रीत मोठी मजेशीर. पानं हिरवी, अन्न स्वतः तयार करतं. पण पाणी आणि क्षार शेजारच्या झाडाच्या मुळांना शोषकांगं चिकटवून ओढून घेतं. म्हणून लागवडीत त्याच्याजवळ तूर पेरतात. आपल्याकडे तुरीला तोटा नाही! सुगंधी गाभा भरायला मात्र वर्षानुवर्षं लागतात, आणि तो भरला की चोराची करवत येते. कासवाचा काळ म्हणजे ट्रॉलरचं जाळं. कासव फुफ्फुसांनी श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, की पाण्यातच गुदमरतं.

उपायांचा हिशेबही वेगळा लागतो. रत्नागिरीतल्या वेळासला अंडी कुंपणात जपून पिल्लं समुद्रात सोडतात. ती जगली तर रानटी कासवांतच मोजली जातात. शेतात लावलेलं चंदन या मोजणीत धरत नाहीत, कारण यादी नैसर्गिक अधिवासातली झाडं पाहते. तेव्हा परभणीत बांधोबांधी चंदन उभं राहिलं, तरी शेरा आपोआप बदलणार नाही. शेतातल्या लाकडाने बाजाराची भूक भागून जंगलातली चोरटी तोड घटली, तर गोष्ट निराळी.