नांदूर मध्यमेश्वर: गाळांतील पक्षिनगरी

पक्षी पाहावयाचे म्हणजे घनदाट अरण्यांत शिरावें लागतें, अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु महाराष्ट्रांतील पाणपक्ष्यांचें एक अत्यंत समृद्ध स्थान ऊंस व द्राक्षें पिकविणाऱ्या मुलखांत आहे. आणि तें मनुष्याच्या हातून, पण नकळत, निर्माण झालें आहे. नाशिकपासून सुमारें ४० किलोमीटरांवर, निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा ह्या नद्यांचा संगम होतो. तेथेंच नांदूर मध्यमेश्वर हें गांव व त्याच नांवाचा बंधारा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हा बंधारा बांधला तो पक्ष्यांकरितां नव्हे, तर पर्जन्यछायेंतील कोरड्या प्रदेशास कालव्यांनीं पाणी देण्याकरितां. पुढें जें घडलें तें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे. पावसाळ्यांत वेगानें वाहणाऱ्या नदीबरोबर माती वाहून येते. बंधाऱ्यापाशीं पाण्याचा वेग मंदावला कीं ती तळाशीं बसते. असे थरांवर थर सांचून जलाशय उथळ झाला व मधून मधून बेटें वर आलीं. इंजिनियरांच्या हिशेबीं ही हानीच! परंतु उथळ पाण्यांत सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोंचतो, पाणवनस्पति माजतात, त्यांच्या आश्रयानें किडे, गोगलगायी व मासोळ्या वाढतात. आणि जेथें अन्नछत्र उघडलें तेथें अतिथींना आमंत्रण धाडावें लागत नाहीं. सन १९८६ मध्यें हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं सन १९७१ मध्यें इराणांतील रामसर येथें अनेक राष्ट्रांचा करार झाला होता. त्या करारान्वयें मान्यता पावलेली महाराष्ट्रांतील पहिली जागा हीच, असें सन २०२० च्या जानेवारींत जाहीर झालें.

येथें दोनशेंहून अधिक जातींचे पक्षी आढळले आहेत. इतके जण एकाच पंक्तीस कसे बसतात? उत्तर त्यांच्या पायांत व चोचींत आहे. शेकाट्या आपल्या लाल, काडीसारख्या पायांवर वीतभर पाण्यांत टिपीत हिंडतो. राखी बगळा त्याहून खोल पाण्यांत ध्यानस्थ उभा राहतो. चमच्या आपली चपटी चोच किंचित् उघडी ठेवून पाण्यांत डावी-उजवीकडे फिरवीत चालतो, व भक्ष्याचा स्पर्श होतांच ती मिटतो. थापट्या बदक पृष्ठभागावरील बारीक जीव चोचीनें गाळून घेतें. हळदीकुंकू बदकाच्या काळ्या चोचीचें टोक पिवळें व मुळाशीं दोन तांबडे ठिपके असतात. हें नांव ज्यानें ठेविलें त्याची रसिकता वाखाणण्याजोगी आहे. चक्रवाक हिंवाळ्यांत लडाख, तिबेट व मध्य आशियाकडून येतात. रात्रीं त्यांची जोडी विलग होते असें संस्कृत कवि सांगतात. दिवसां तरी दोघें सुखानें सोबत चरतांना दिसतात.

तीरावरील बाभूळ, निंब व चिंच ह्यांच्या राईकडेहि पाठ फिरवूं नये. तेथें हळद्या, सुतार, कोतवाल हे वनपक्षी भेटतात, आणि सायंकाळीं बगळ्यांचे थवे ह्याच झाडांवर मुक्कामास येतात.

जाणें तें नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या अवधींत, व सूर्योदयापूर्वीं. मळकट रंगाचीं वस्त्रें घालावीं, दुर्बीण व वही बरोबर असावी, आणि सूर्य पाठीशीं घेऊन उभें राहावें. नाहीं तर सर्वच पक्षी काळे दिसतात. ओरडून थवा उडविण्याची कांहीं मंडळींस हौस असते. हजारों मैलांच्या परतीच्या प्रवासासाठीं पक्ष्यानें अंगांत सांठविलेली शक्ति अशा प्रत्येक उड्डाणांत व्यर्थ खर्च होते, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं.

आतां नाण्याची दुसरी बाजू. ज्या गाळानें पक्षी आणिले, तोच गाळ पुराच्या पाण्याची जागा अडवितो. सन २०१९ च्या ऑगस्टमध्यें गोदावरीला महापूर आला, तेव्हां वरच्या अंगास असलेल्या सायखेडा व चांदोरी ह्या गांवांत पाणी शिरलें. गाळ काढा, अशी काठच्या शेतकऱ्यांची मागणी आहे, आणि ज्याचें घर पाण्यांत गेलें त्याला पक्ष्यांचें कौतुक ऐकविणें हा निष्ठुरपणा होय. उलट, सगळाच गाळ काढून जलाशय खोल केला तर शेकाट्यास पाय टेकण्यास जागा उरणार नाहीं. पण गाळ तसाच वाढत राहिला तरी एक दिवस पाणथळीची कोरडी जमीनच होईल! तेव्हां कोठला गाळ काढावा, किती काढावा व कोणत्या ऋतूंत काढावा, हा खरा प्रश्न आहे. शिवाय जलपर्णीनें पाण्याचा पृष्ठभाग झांकला जातो, तो निराळाच.

निरीक्षणाच्या मनोऱ्यावरून खालीं उतरल्यावर बंधाऱ्याकडे अवश्य जावें. वरच्या बाजूस गढूळ, स्तब्ध पाणी व बेटांवरील गर्दी. खालच्या बाजूस खडकांमधून पुढें निघालेली गोदावरी. दोहोंमध्यें एक दगडी भिंत आहे, एवढेंच.