डॅशबोर्ड मढवताना

उन्हाळ्याच्या दुपारी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीत सीटपेक्षा डॅशबोर्ड कितीतरी जास्त तापतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांच्या सीट सरासरी ५१ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्या, डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्याला हे आकडे परके नाहीत. उत्तम सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिराचंही डॅशबोर्डचं काम फसतं, ते या फरकामुळे. सीटचं कव्हर शिलाईवर टिकतं, डॅशबोर्डचं गोंदावर. तबल्याची पुडी वादीनं ताणून धरता येते. इथे तशी वादी नसते.

मऊ डॅशबोर्डला सहसा तीन थर असतात. खाली कडक प्लास्टिकचा सांगाडा, मध्ये पॉलियुरेथेनचा फोम आणि वर पीव्हीसीची किंवा तशाच प्लास्टिकची पातळ साल. पीव्हीसी मुळात कडक असतं. प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळून ते मऊ करतात. उन्हानं हे द्रव्य हळूहळू उडत जातं. समोरच्या काचेवर आतून जो धूसर, चिकट थर बसतो, त्यात त्याचाही वाटा असतो. द्रव्य कमी झालं की साल आक्रसते, ताठरते आणि शेवटी तडकते. मग गाडी अपहोल्स्ट्रीवाल्याच्या दारात येते.

पहिला प्रश्न कापडाचा. रेक्झिन स्वस्त आणि पुसायला सोपं. पण साध्या विणीची पाठ असलेलं रेक्झिन ताणलं जात नाही आणि गोलाईवर सुरकुत्या पडतात. डॅशबोर्डला होजियरीसारखी पाठ असलेलं, चारही दिशांना ताणलं जाणारं रेक्झिन हवं. पीयू लेदर हाताला मऊ लागतं, मात्र हलक्या प्रतीचं असेल तर दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात. मुंबई-कोकणातल्या गाडीमालकांनी हे ध्यानात ठेवावं. अस्सल चामडं साधारण एक मिलिमीटर जाडीचं घेतात. उष्णतेनं ते आक्रसतं, म्हणून कडेला आत दुमडायला पुरेसं जास्तीचं ठेवतात. इटलीत बनणारं अल्कांतारा हे पॉलिस्टर आणि पॉलियुरेथेनचं मखमली कापड चकाकत नाही, पण महाग असतं आणि धूळ धरून ठेवतं. रंग गडद आणि मॅटच बरा. फिक्या किंवा चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि रस्ता नीट दिसत नाही. शिलाईला पॉलिस्टरचा दोरा घ्यावा. उन्हात तो नायलॉनपेक्षा जास्त टिकतो.

खरी परीक्षा गोंदाची. कारागीर ज्याला ‘सोल्युशन’ म्हणतात, तो रबरी गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत सुकू द्यायचा आणि मगच दाबून बसवायचा. घाई केली तर आत अडकलेला द्रव पुढे फुगे काढतो. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल धरते आणि पकड कच्ची राहते.

शिवाय सगळे गोंद सारखे नसतात. साधा स्प्रे गोंद उन्हात मऊ पडतो आणि खोलगट भागातलं कापड तंबूसारखं उचललं जातं. नेहमीच्या निओप्रीन गोंदाला रेक्झिनमधून झिरपणारं प्लास्टिसायझर नरम करतं. म्हणून पीव्हीसीसाठी नायट्राइल रबराचा किंवा प्लास्टिसायझरला दाद न देणारा पॉलियुरेथेन गोंद वापरावा. खालचं प्लास्टिकही पाहावं लागतं. एबीएसवर गोंद सहज बसतो. पॉलिप्रॉपिलीनवर प्रायमर लावल्याशिवाय बसत नाही. आणि वर्षानुवर्षं मारलेलं सिलिकॉनचं पॉलिश पूर्ण निघालं नसेल, तर कुठलाच गोंद टिकत नाही. खोलगट वळणावर जाणता कारागीर एकट्या गोंदावर विसंबत नाही. तिथे कापड दोन तुकड्यांत कापून शिवण घालतो.

एका जागी मात्र हात आवरावा. समोरच्या प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या पोटात असते. अनेक गाड्यांत तिच्या वरची साल आतून मुद्दाम कमकुवत केलेली असते, म्हणजे अपघातात सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात ती ठरल्या रेषेवर फाटावी. त्यावर रेक्झिन आणि गोंदाचा थर चढवला, तर फुगा अडखळतो किंवा भलत्या दिशेला उघडतो. कंपन्या अशा जागी मोजूनमापून कच्ची शिवण घालतात; दुकानात ती अंदाजानं घालण्यात अर्थ नाही. डॅशबोर्ड काढण्याआधी बॅटरीची तार सोडून कंपनीनं सांगितलेला वेळ थांबायचं, तेही एअरबॅगमुळेच.

त्यामुळे गाडी कामाला द्याल तेव्हा रंगाचे नमुने नंतर बघा. गोंद कोणता, तो किती तापमान सोसतो आणि एअरबॅगच्या झाकणाचं काय करणार, हे तीन प्रश्न आधी विचारा. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर भेगाळलेला डॅशबोर्ड आहे तसाच वापरलेला बरा.