गार बाजूला बसलेला नळ

अमेरिका-युरोपातल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत सिंकच्या नेहमीच्या नळाशेजारी एक बारीक, बाकदार नळ दिसतो. चावी दाबली की त्याच क्षणी वाफाळतं पाणी. बघणाऱ्याला वाटतं, खाली टाकीत गरम पाणी कोंडलेलं असणार आणि नळाने ते अडवून धरलेलं असणार. प्रत्यक्षात त्या गरम पाण्याला कुणीच अडवलेलं नसतं. टाकीपासून तोटीपर्यंतची वाट चोवीस तास उघडी असते. नळ अडवतो ते गार पाणी!

ओट्याखालच्या कपाटात अडीच लिटरच्या आसपासची, उष्णतारोधक वेष्टनातली छोटी टाकी भिंतीला टांगलेली असते. नळाच्या बुडातून तीन नळ्या उतरतात. एकीतून घराचं गार पाणी नळापर्यंत चढतं. चावी दाबली की ते दुसरीतून टाकीच्या तळाशी जातं, आणि माथ्याचं तेवढंच गरम पाणी तिसरीतून वर ढकललं जाऊन तोटीतून पडतं. आपल्याकडच्या तांब्याच्या काही बंबांत हीच युक्ती होती: नरसाळ्यात तांब्याभर गार ओतायचं, तोटीतून तांब्याभर कढत निघायचं.

आत शिरलेलं गार पाणी गरमात मिसळून सगळं कोमट का होत नाही? २५ अंशांचं एक लिटर पाणी सुमारे ९९७ ग्रॅम भरतं, ९५ अंशांचं सुमारे ९६२. पस्तीस ग्रॅमचा हा फरक किरकोळ वाटतो, पण पाणी हळू आणि तळाशीच सोडलं तर तेवढ्यावर गार थर खाली राहतो आणि गरम थर त्याच्यावर तरंगत वर सरकतो. पडदा नाही, झडप नाही, नुसतं वजन.

हाच फरक दुसऱ्या बाजूने अडचणही करतो. टाकीतलं अडीच लिटर पाणी २५ वरून ९५ अंशांवर गेलं की सुमारे नव्वद मिलिलिटरने फुगतं, म्हणजे टपरीवरच्या कटिंगएवढं पाणी जास्तीचं होतं. ते जाणार कुठे? साध्या यंत्रांत ते तोटीतून ठिबकतं. जरा हुशार यंत्रांत टाकीच्या वर एक रिकामा कप्पा असतो. फुगलेलं पाणी तिथे थांबतं, आणि पुढच्या वेळी नळ उघडला की आत येणारं गार पाणी एका अरुंद गळ्यातून वेगाने जाताना त्याला ओढून पुन्हा टाकीत घेतं. अरुंद जागी वेग वाढला की दाब घटतो, हे इटलीच्या जोव्हानी बातिस्ता व्हेंतुरीने १७९७ साली छापून सांगितलं होतं. सव्वादोनशे वर्षांनी तोच नियम ओट्याखाली कुणाचं लक्ष नसताना काम करतो आहे.

म्हणूनच ठिबकणारी तोटी पाहून एखाद्या उत्साही प्लंबरने गरम नळीवर वेगळा कॉक बसवायला घेतला, तर त्याचा हात धरावा. ही टाकी दाब सोसायला बनवलेलीच नाही. तिचं तोंड बंद केलं, की फुगणाऱ्या पाण्याला टाकी फोडण्यावाचून वाट उरत नाही. नळासोबत आलेल्या नळ्या मनाने वाढवूही नयेत. टाकी नळाच्या टप्प्यात टांगली की झालं. बाकी जोडणी साधी आहे: गार पाण्याच्या अँगल कॉकवरून एक फाटा, जमल्यास मध्ये फिल्टर, आणि अर्थिंग असलेलं सॉकेट. अमेरिकेतून आणलेलं यंत्र मात्र इथल्या सॉकेटला लावू नका. १२० व्होल्टच्या कॉइलला २३० व्होल्ट दिले तर ती साडेतीनपटीहून जास्त तापते.

सुरू करताना क्रमाला फार महत्त्व आहे. आधी पाणी, मग वीज. नळ उघडा आणि थांबा. सुरुवातीला काहीच येत नाही, कारण टाकी भरते आहे. मग गुळगुळ, हवेचे फुत्कार, आणि शेवटी सलग धार. आता सांधे कोरडे आहेत का ते हात फिरवून बघा, आणि मगच प्लग लावा. पाण्यात बुडालेली कॉइल शंभरीच्या फार पुढे जाऊ शकत नाही. तिची उष्णता पाणी सतत उचलून नेतं. कोरड्या टाकीत ती उचलायला कुणी नसतं, आणि कॉइल काही क्षणांतच शेकडो अंशांवर जाते. नशीब चांगलं असेल तर फक्त सुरक्षा-फ्यूज उडतो.

प्लग लावल्यावर ७५० वॉटच्या कॉइलला अडीच लिटर पाणी तापवायला साधारण १६ मिनिटं लागतात, १३०० वॉटच्या कॉइलला दहाच्या आत. मधली तडतड ऐकून घाबरू नये. कॉइलवर वाफेचे बुडबुडे धरतात आणि वरच्या गार पाण्यात शिरताच मिटतात, त्याचा तो आवाज. पहिलं टाकीभर पाणी ओतून द्यावं.

तोटी फुरफुरू लागली तर मात्र थर्मोस्टॅट खाली आणायचा. टाकीत पाणी उकळतं आहे. आणि उकळणं गावागावाप्रमाणे बदलतं. मुंबईत १०० अंश, पुण्यात ९८च्या जवळ, महाबळेश्वरात साडेपंच्याण्णवच्या आसपास. न्यू जर्सीत ९७वर शांत बसलेला नळ समुद्रसपाटीपासून एक मैल उंच असलेल्या डेन्व्हरला नेला, तर तिथे वाफ ओकेल.

दाब टाळायचाच नाही, उलट त्यालाच कामाला लावायचं, असं हॉलंडच्या हेन्री पेटेरीने ठरवलं. युनिलिव्हरमध्ये झटपट सूपवर काम करताना १९७०च्या सुमारास त्याला वाटलं, सूप झटपट आणि पाणी उकळायला मात्र ताटकळायचं, हे काही खरं नाही. त्यातून पुढे क्वूकर नळ आला. त्याची टाकी बंद, जाड आणि निर्वात वेष्टनाची. आत पाणी १०८ अंशांपर्यंत तापतं आणि दाबामुळे पाणीच राहतं. तोटीबाहेर पडताच दाब सुटतो आणि धार खरोखर उकळतच खाली येते. अर्थात इथे सुरक्षा-झडप हवीच, आणि चावी लहान मुलांना सहज फिरवता येणार नाही अशी.

दिवसातून दोनदा चहा करणाऱ्या घराला मी इलेक्ट्रिक किटलीच सुचवेन. टाकी रिकामपणीही वीज खात राहते. शिवाय आपला चहा दूध-साखरेसकट गॅसवर उकळावाच लागतो, आणि त्यावर पेटेरीकडेही इलाज नाही.