गोळीमागची गोष्ट

फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात औषधाचे साइड इफेक्ट्स एका ओळीत संपतात. पेशंटच्या घरी मात्र ते महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून असतात. म्हणूनच औषधं शिकताना पेशंटची गोष्ट व्हिडिओवर बघण्याला मोल आहे.

एमबीबीएसच्या सेकंड इयरला व्हायवात हमखास पडणारा प्रश्न, ‘रॅमिप्रिलचा कॉमन साइड इफेक्ट?’ उत्तर तोंडपाठ असतं. ‘कोरडा खोकला, सर!’ तो ब्रॅडिकायनिन साठल्यामुळे येतो, हेही आपण धडाधड सांगतो. मार्क मिळतात, विषय संपतो.

आता हाच खोकला दुसऱ्या बाजूने बघा. समजा, बीपीची ही गोळी नुकतीच सुरू झालेले एक काका आहेत. रात्री ढास लागते. घरचे आधी फोडणीला दोष देतात, मग पंख्याला. आल्याचा रस, मध, अडुळसा सगळं करून होतं. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘गोळीमुळे असेल हो!’ आणि काका डॉक्टरांना न विचारता गोळीच बंद करून टाकतात. खरं तर दुसऱ्या गटातली गोळी बदलून मिळाली असती. पण ते सांगायला कुणी नव्हतं आणि विचारायला काकांना संकोच वाटला. आता बीपी गुपचूप वाढतंय.

हे काका काल्पनिक असले, तरी असे काका प्रत्येक सोसायटीत सापडतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच पेशंट औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. उरलेल्यांचं काय बिनसतं, हे केवळ पुस्तकातून कसं कळणार?

दोन डॉक्टर, दोघंही पेशंट

या प्रश्नाला भिडणारा एक प्रयोग इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला झाला. ॲन मॅकफर्सन या फॅमिली डॉक्टर. त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला. वैद्यकीय माहिती हाताशी होती, पण यातून गेलेल्या माणसांना नेमकं काय वाटतं, हे कुठे मिळेना. अँड्र्यू हर्क्सहायमर हे औषधशास्त्राचे तज्ज्ञ. औषधांची निष्पक्ष माहिती डॉक्टरांना मिळावी म्हणून त्यांनी १९६२ मध्ये ‘ड्रग अँड थेरप्युटिक्स बुलेटिन’ सुरू केलं होतं. त्यांच्यावर गुडघेबदलाची वेळ आली, तेव्हा त्यांनाही हीच उणीव जाणवली. दोघांच्या पुढाकारातून २००१ मध्ये ‘डायपेक्स’ सुरू झालं. आज ते ‘हेल्थटॉक’ म्हणून ओळखलं जातं.

पद्धत साधी, पण शिस्तीची. संशोधक पेशंटला गाठतात आणि ‘सुरुवातीपासून सांगा’ म्हणून गप्प बसतात. एकेका आजारासाठी वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या परिस्थितीतल्या अनेकांशी बोलतात. मग त्याच्या छोट्या छोट्या क्लिप्स विषयवार लावल्या जातात. औषध सुरू करताना काय वाटलं, काय त्रास झाला, बंद का केलं, असं सगळं त्यात येतं.

क्लिप थांबवा, विचार करा

वर्गात अशी दोन मिनिटांची क्लिप लावून मध्येच थांबवली तर? ‘आता तू यांना काय विचारशील?’ या प्रश्नाचं उत्तर गाइडमध्ये नसतं.

रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण टीबीच्या पेशंटला ते आधी सांगितलंच नसेल, तर त्याला रक्तच जातंय असं वाटू शकतं. स्टेरॉइडने चेहरा सुजतो. कॉलेजला जाणाऱ्या मुलीने तेवढ्यासाठी गोळ्या अचानक थांबवल्या, तर ते जिवावर बेतू शकतं. तिला ‘कॉम्प्लायन्स नाही’ म्हणून मोकळं होणं सोपं. तिची भीती ऐकली, तर डोस हळूहळू कमी करण्याबद्दल बोलता तरी येतं.

आपल्याकडे २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला ‘एटकॉम’ म्हणजे वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद हा भाग आला आहे. अशा क्लिप्सना तिथे हक्काची जागा मिळू शकते, तीही मराठीतून. कारण आपला पेशंट ‘गिडिनेस’ म्हणत नाही, ‘गरगरतंय’ म्हणतो.

पण हे रील नव्हे!

वॉर्डात मोबाइल काढून शूट करणं म्हणजे हे काम नव्हे. ‘हेल्थटॉक’मध्ये पेशंटची संमती घेतली जाते, आपलं बोलणं तपासून नको तो भाग काढायची मुभा असते, चेहरा दाखवायचा नसेल तर फक्त आवाज किंवा मजकूर वापरता येतो. दुसरी गोष्ट, एकाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. एका काकांना खोकला झाला म्हणून औषध वाईट ठरत नाही. किती जणांना होतो, हे शोधायला अभ्यासच लागतो. गोष्ट फक्त काय विचारायचं ते शिकवते.

सुरुवात घरातूनही करता येईल, त्यासाठी मेडिकललाच असायला हवं असं नाही. आज आजीचा गोळ्यांचा डबा घेऊन तिच्याशेजारी बसा आणि विचारा, ‘यातली कुठली गोळी तू घेत नाहीस गं?’ मग मध्ये न बोलता ऐका. आणि हो, ती जे सांगेल ते पुढच्या भेटीत तिच्या डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला.