उसाची गाडी कुठवर आली?

गळीत हंगाम सुरू झाला की वरकुटे बुद्रुक काय आणि वरकुटे खुर्द काय, शिवारात तेच तीन प्रश्न ऐकू येतात. तोड कधी मिळणार? गाडी कधी लागणार? आणि भरून गेलेली गाडी खाली झाली का? भीमा आणि नीरा या नद्यांच्या मधल्या इंदापूर तालुक्यात कारखान्यांची वाण नाही. बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, भवानीनगरचा छत्रपती, शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो, शिवाय शेजारच्या बारामतीतले माळेगाव आणि सोमेश्वर. तरीही या प्रश्नांची उत्तरं शेतकरी सहसा कारखान्याच्या चिटबॉयला, तोडणी टोळीच्या मुकादमाला नाहीतर ड्रायव्हरला फोन लावूनच मिळवतो. ही उत्तरं आपोआप देणारं यंत्र मात्र आज काडेपेटीएवढं झालं आहे आणि ट्रॅक्टरच्या हेडवर सहज बसतं.

उसाच्या बाबतीत वेळेला पैशाचं मोल आहे. कोयता लागला की उसातली साखर मोडायला सुरुवात होते. तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि त्यांचे दाणे काही धरत नाहीत. उन्हात पाणी उडतं, म्हणजे काट्यावर वजनही घटतं. म्हणून तोडल्यापासून 24 तासांच्या आत ऊस गाळला जावा, असं सांगितलं जातं. हार्वेस्टरने तोडलेल्या उसाचे तुकडे होतात, कापलेली तोंडं वाढतात, जिवाणूंना वाट मिळते आणि तो ऊस आणखी लवकर खराब होतो. मजूर टोळ्या मिळेनाशा झाल्याने हार्वेस्टर वाढणारच आहेत. तेव्हा कारखान्याच्या यार्डातली ताटकळ पुढे जास्तच महागात पडेल.

ही ताटकळ कशी साठते, ते हिशेबाने पाहू. समजा, एक कारखाना दिवसाला 6,000 टन गाळतो, म्हणजे तासाला 250 टन. दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर 20 टन ऊस आणतो असं धरलं, तर गव्हाणीला, म्हणजे ऊस गाळायला आत नेणाऱ्या पट्ट्याला, दर पाच मिनिटांनी साधारण एक ट्रॅक्टर पुरतो. पण सगळ्या टोळ्या सकाळी तोडून दुपारी गाड्या भरतात आणि संध्याकाळी 60 ट्रॅक्टर एकदम गेटवर येतात. शेवटच्याचा नंबर लागायला पाच तास जातात. पहाटे याच्या उलट होतं. यार्ड रिकामं पडतं आणि गव्हाण उसाची वाट पाहते. कोणता ट्रॅक्टर शेतात आहे, कोणता रस्त्यावर आणि कोणता यार्डात, हे कारखान्याच्या शेती विभागाला एका पडद्यावर दिसलं, तर तोडीच्या चिठ्ठ्या त्या बेताने सोडता येतात.

हे दाखवणाऱ्या, ट्रॅक्टरवरच्या त्या छोट्या जीपीएस पेटीचं काम समजायला अवघड नाही. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत वेळ सांगत असतात. संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून पेटी उपग्रहाचं अंतर काढते आणि चार उपग्रह दिसले की आपली जागा ठरवते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर 300 मीटरने चुकतं, म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे 2000 मध्ये काढून टाकली आणि गाड्यांवर नजर ठेवण्याचा व्यवसाय खऱ्या अर्थाने फोफावला. भारताची 'नाविक' ही स्वतःची यंत्रणाही आता आहे.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. गाडी कुठे आहे, हे उपग्रहाला कळत नाही. जागा कळते ती पेटीला, आणि ती पुढे कळवते पेटीतलं सिमकार्ड. रेंज गेली की चांगली पेटी नोंदी साठवते आणि रेंज आल्यावर पाठवते. तिची एक वायर बॅटरीला आणि एक चावीला जोडलेली असते. त्यामुळे गाडी उभी असताना इंजिन किती वेळ चालू होतं, तेही कळतं. वायर कोणी उपसली, तर आतली छोटी बॅटरी तेवढी खबर देऊन जाते. तासावर भाड्याने जाणाऱ्या यंत्रांनाही हे लागू पडतं. जेसीबीची 'लाइव्हलिंक' यंत्रणा मालकाला घरबसल्या इंजिनाचे तास दाखवते.

मर्यादाही आहेत. पेटी हेडवर असते आणि ऊस ट्रॉलीत. हेड बदललं की नोंद चुकते, म्हणून चिठ्ठीचा नंबर त्या खेपेला जोडावाच लागतो. बैलगाडीला तर बॅटरीच नाही. आणि गाडी कुठे आहे, हे कळल्याने काट्यावरचं वजन खरं ठरत नाही. त्यासाठी काट्याचीच तपासणी हवी.

सरकारने हे तंत्र आधी नियमनासाठी वापरलं. 2019 पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना माग काढणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण सक्तीचं झालं. वाळू आणि इतर गौण खनिजांच्या गाड्यांनाही राज्यात जीपीएस बंधनकारक आहे. आणीबाणीचं बटण सोडलं, तर या सगळ्यात गाडीवाल्यावर नजर ठेवणं हाच मुख्य हेतू आहे. साखर कारखान्याने तेवढ्यावर थांबू नये. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातूनच वजा होतो. फुकट गेलेल्या खेपेचं डिझेल आणि रात्रभर उभ्या गाडीतली घट शेवटी शेतकऱ्याच्याच अंगावर येते. जो खर्च सोसतो, त्याला ती माहिती मिळालीच पाहिजे.

ड्रायव्हरचाही तितकाच हक्क आहे. तो कुठे थांबला, हे पेटी सांगते, तशी यार्डात त्याला किती तास थांबवलं, हेही सांगते. पहिल्या नोंदीवरून जाब विचारायचा असेल, तर दुसरीवरून खोटीचे, म्हणजे खोळंब्याचे, पैसेही द्यायला हवेत. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर त्याच्या घरच्या कामाला जातो. तेव्हाची नोंद कारखान्याने ठेवू नये.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात. या वेळी सभासदांनी तीन मागण्या ठरावात लिहून घ्याव्यात. तोडणीपासून गव्हाणीपर्यंतचा वेळ प्रत्येक खेपेच्या वजनपावतीवर छापावा, गाडीची जागा शेतकऱ्याच्या मोबाईलवर दिसावी आणि यार्डातल्या खोटीचा दर ठरवावा. पेटी बसवायला पैसे लागतात, पण तिच्यातली माहिती सभासदाला दाखवायला संचालक मंडळाची तयारी पुरते. ती तयारी करून घेणं सभासदांच्या हातात आहे.