जॉयस्टिक घेताना

नाशिकजवळच्या ओझरला एचएएलने मिग-२१ बांधली, पुढे सुखोई-३० एमकेआय. दोन्हींत स्टिक वैमानिकाच्या गुडघ्यांमध्ये, थ्रॉटल डाव्या हाताशी. अशी विमानं घरी सिम्युलेटरवर उडवायची तर जॉयस्टिक उंच टेबलावर ठेवू नका, खांदा भरून येतो. कोपर काटकोनात आणि मनगट सरळ राहील इतकी खाली बसवा. स्प्रिंग फार कडक नको. डॉगफाइटमध्ये सतत ओढून बोटं आखडतात. अंगठा न ताणता बटणांपर्यंत पोचावा. डावखुऱ्यांनी दोन्ही हातांना चालणारी मूठच घ्यावी. रडरसाठी पिळायची स्टिक स्वस्त पडते, पण मनगट दुखरं असेल तर पेडलच बरे. स्टिकची हालचाल मोजणाऱ्या हॉल सेन्सरमध्ये घासणारा भाग नसतो, म्हणून तो जास्त टिकतो. मूठ हातात धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.