बायबलमधून इंग्रजीत रुळलेले शब्द

इंग्रजी बातमीत 'एक्झोडस', 'स्केपगोट' किंवा 'गुड समॅरिटन' असे शब्द येतात, तेव्हा बातमी धर्माची असतेच असे नाही. शहर सोडून जाणारे मजूर, घोटाळ्यात अडकवलेला कारकून, अपघातग्रस्ताला उचलणारा वाटसरू यांच्याविषयी ती असू शकते. हे शब्द मात्र बायबलमधून आलेले असतात. शब्दकोशात त्यांचा अर्थ सापडतो. पण मूळ कथा ठाऊक नसेल तर तो अर्थ निम्माच हाती लागतो. म्हणून या शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा त्यांच्या कथा वाचणे अधिक उपयोगाचे.

आधी ग्रंथाच्या रचनेचे शब्द. 'बायबल' हा शब्द ग्रीकमधून आला; मूळ अर्थ 'पुस्तके'. प्रोटेस्टंट परंपरेच्या बायबलमध्ये 66 पुस्तके आहेत, कॅथलिक परंपरेच्या बायबलमध्ये 73. जुना आणि नवा करार म्हणजे ओल्ड आणि न्यू टेस्टामेंट. येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने म्हणजे गॉस्पेल. स्तोत्र म्हणजे साम. प्रेषित म्हणजे अपॉसल. संदेष्टा म्हणजे प्रॉफेट. येशूने सांगितलेला दृष्टांत म्हणजे पॅरेबल. 'व्हर्स' या शब्दाने मात्र घोटाळा होतो. एरवी त्याचा अर्थ पद्य. बायबलच्या संदर्भात तो क्रमांक दिलेले वचन, मग ते गद्य का असेना. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, तर नव्या कराराच्या वचनांचे आजचे क्रमांक रोबेर एतिएन या मुद्रकाने 1551 मध्ये घातले. 'चॅप्टर अँड व्हर्स' देणे म्हणजे नेमका पुरावा देणे, हा वाक्प्रचार याच क्रमांकांमुळे रूढ झाला.

या शब्दसंपत्तीचा मोठा वाटा विल्यम टिंडल या एका माणसाचा आहे. सामान्य इंग्रजाला बायबल त्याच्या भाषेत वाचता यावे, यासाठी त्याने देश सोडला. ग्रीकवरून केलेला त्याचा नवा करार 1526 मध्ये जर्मनीतल्या वर्म्स येथे छापला गेला, आणि हिब्रूवरून केलेली जुन्या कराराची पहिली पाच पुस्तके 1530 मध्ये निघाली. 1536 मध्ये पाखंडी ठरवून त्याला गळा आवळून मारले आणि देह जाळला. राजा जेम्सच्या आज्ञेने झालेले 1611 चे प्रसिद्ध भाषांतर जागोजागी त्याच्याच शब्दांवर उभे आहे. ज्यूंच्या वल्हांडण सणाला 'पासओव्हर' हे नाव त्याचेच, आणि 'स्केपगोट'ही त्यानेच घडवला.

स्केपगोटची कथा लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणले जात. एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक लोकांची पापे उच्चारी आणि त्याला जिवंतच रानात सोडून दिले जाई. मराठीत या शब्दासाठी 'बळीचा बकरा' म्हणतात. पण मूळ कथेत बळी जातो तो पहिला बकरा. दुसऱ्यावर इतरांची पापे लादली जातात आणि त्याला हाकलले जाते. इंग्रजी शब्दातला भर मरणावर नसून दुसऱ्याचा दोष माथी येण्यावर का आहे, ते यातून उमगते.

'टॅलंट' हे मुळात वजनाचे आणि चलनाचे मोठे परिमाण. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात धनी तीन चाकरांकडे पाच, दोन आणि एक टॅलंट सोपवतो. दोघे त्यात भर घालतात, तिसरा आपला वाटा पुरून ठेवतो. या दृष्टांताच्या विवरणातून टॅलंट म्हणजे अंगची देणगी हा अर्थ रूढ झाला. 'प्रॉडिगल'चा अर्थ पुष्कळ जण 'घरी परतलेला' असा घेतात. तो चूक आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला मुलगा परततो खरा, पण प्रॉडिगल म्हणजे उधळ्या. लूकच्याच दहाव्या अध्यायातला शोमरोनी जखमी परक्याची शुश्रूषा करतो. तो 'गुड समॅरिटन' आता भारतीय कायद्यातही आहे: मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला याच नावाने संरक्षण दिले.

1611 च्या भाषेत व्याकरणाचीही अडचण येते. 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यी' म्हणजे तुम्ही, हे मराठी वाचकाला लगेच पटते. मात्र इथे 'यी' फक्त अनेकवचनी आहे, आदरार्थी नाही. राजालाही 'दाऊ' म्हणतात आणि देवालाही. 'गोएथ', 'हॅथ' ही रूपे जुनी असली तरी वर्तमानकाळाची आहेत. 'सफर' म्हणजे काही ठिकाणी होऊ देणे, 'लेट' म्हणजे कधी कधी अडवणे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात टिंडलने 'लव्ह' लिहिले, 1611 च्या मंडळाने 'चॅरिटी', आणि 1881 च्या सुधारित आवृत्तीने पुन्हा 'लव्ह'. तिथे चॅरिटीचा अर्थ दानधर्म घेतला तर तो अध्याय हरवतोच.

भारतीय ग्रंथांचे शब्दही इंग्रजीत गेले. चार्ल्स विल्किन्सने संस्कृतवरून केलेली इंग्रजी गीता 1785 मध्ये आली. मॅक्सम्युलरच्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेतली गीता मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी भाषांतरित केली. आजच्या इंग्रजीत 'कर्मा' म्हणजे केल्याची फेड आणि 'अवतार' म्हणजे संगणकावरचे चित्र. मराठी वाचकाने इथे घरचा अर्थ चिकटवू नये.

सुरुवातीला मार्कचे शुभवर्तमान घ्यावे. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटे, सोळा अध्यायांचे आहे. शेजारी मराठी बायबल उघडे ठेवावे, आधी मराठी अध्याय वाचावा, मग तोच इंग्रजीत. आणि अडलेला शब्द वहीत उतरवताना त्याच्यापुढे अध्याय-वचनाचा क्रमांकही लिहावा.